गाडी एअर घेते तेव्हा

जाताना गूळ, येताना लोखंड. आमच्या टाटा १२१० ची उभी हयात कराड ते कळंबोली या एकाच रस्त्यावर गेली. कराडहून गुळाच्या ढेपा भरून निघायचं, मुंबईकडे उतरवायच्या, आणि रिकामं परतणं परवडत नाही म्हणून कळंबोलीच्या पोलाद बाजारातून सळया नाहीतर अँगल भरून आणायचे. १९९४ च्या हिवाळ्यात या गाडीला एक खोड लागली. खंबाटकीच्या घाटात, ठरावीक चढावर, ती दम टाकायची. अण्णा, म्हणजे माझे वडील, अ‍ॅक्सिलेटर तळाला टेकवायचे आणि इंजिन क्षणभर श्वास रोखल्यासारखं गप्प व्हायचं. मग दोन झटके, मग थोडी उचल. पुढच्या वळणावर पुन्हा तेच, आणि कधी कधी साफ बंद. क्लीनर उडी मारून चाकामागे दगड लावायचा, बॉनेट उघडून हँडपंप मारायचा, आणि मागे लागलेली रांग हॉर्न वाजवून आमच्या सात पिढ्यांचा उद्धार करायची.

निदान सांगणाऱ्यांची वाण नव्हती. लोखंड जड पडतंय इथपासून गाडीला नजर लागलीय इथपर्यंत सगळं सांगून झालं. मग कुणीतरी डिझेल पंपाचं नाव घेतलं. ट्रकच्या मालकाला पंप म्हटलं की धडकी भरते, आणि धडकी भरलेला माणूस पैसे लवकर काढतो. पंप उतरवला, पंप रूमला गेला, कॅलिब्रेशन होऊन परत बसला. खोड तशीच. महिन्याभराने तो पुन्हा उतरवला. या वेळी नोझलही धुऊन, प्रेशर लावून आले. खंबाटकीला फरक पडला नाही.

शेवटी रस्त्याकडेला झाडाखाली दुकान मांडून बसणाऱ्या एका म्हाताऱ्या मिस्त्रींनी गाडीला हातही न लावता प्रश्न विचारले.

“अण्णा, दम जाताना टाकते का येताना?”

“येताना.”

“जाताना गूळ किती भरता?”

“तेवढाच की. नऊ-दहा टन.”

“आन् टाकी कुठं भरता?”

“कराडला. जाऊन-येऊन पुरते.”

“मग लोखंडाचा काय दोष? टाकी उतरवा.”

टाकीच्या आत डिझेल ओढून घेणारी एक उभी नळी असते. आमच्या गाडीत ती आतल्या आडव्या पत्र्याला वर्षानुवर्षं घासली होती आणि तिच्या मध्यावर केसाएवढी चीर पडली होती. टाकी भरलेली असली की चीर डिझेलात बुडलेली, त्यामुळे तिच्यातून आत जायचं ते डिझेलच. पातळी खाली गेली की चीर उघडी पडायची आणि नळी डिझेलबरोबर हवाही ओढायला लागायची. सपाटीला इंजिनाची भूक कमी, तेवढ्यावर भागून जायचं. चढाला भूक वाढली आणि टाकीतलं डिझेलही मागे सरकलं की खेळ आटोपला. नळी बदलली. किती पैसे लागले ते आठवत नाही, पण दोन वेळच्या कॅलिब्रेशनपुढे ते हिशेबात धरण्याजोगे नव्हते एवढं अण्णांच्या चेहऱ्यावरून आठवतं.

तेव्हापासून जुन्या गाडीच्या दुखण्यात मला “काय होतंय” यापेक्षा “कधी होतंय” हा प्रश्न मोलाचा वाटत आलाय. सकाळी थंड असताना की तापल्यावर? रिकामी असताना की भरलेली? टाकी भरलेली असताना की तळाला गेल्यावर? सुटताना की तिसाव्या किलोमीटरला? डिझेलचा रस्ता टाकीपासून नोझलपर्यंत फार तर चार-पाच मीटरचा. त्यावर बिघाडाच्या जागा डझनभर आहेत, पण प्रत्येकीची वेळ वेगळी आहे. वेळ नीट सांगणारा ड्रायव्हर असेल तर निम्मी दुरुस्ती चहा पितानाच होते.

गॅरेजमधली भाषा या बाबतीत पुस्तकांपेक्षा काटेकोर आहे, फक्त ती ऐकायला हवी. गाडी “मिसिंग मारते” म्हणजे एक सिलिंडर काम करत नाही. इंजिनाचा ताल चालू असतो, पण दर फेरीला एक ठोका गळतो. “झटके मारते” म्हणजे सगळ्याच सिलिंडरांना मधून मधून उपास घडतो. “पिकअप घेत नाही” म्हणजे पाय दाबला तरी उचल उशिरा येते. “खेचत नाही” म्हणजे रिकामी पळते, पण वजन घेतलं की मान टाकते. “हंटिंग” म्हणजे पाय न लावता उभ्या गाडीचं इंजिन आपणहून चढतं-उतरतं, झोपाळ्यासारखं. आणि “एअर घेते” हे सगळ्यात मोठं प्रकरण, त्याकडे येऊच. हे शब्द एकमेकांच्या जागी वापरले की मिस्त्रीचा दिवस जातो आणि मालकाचे पैसे. मी असे मालक पाहिलेत जे सगळ्या दुखण्यांना “गाडी मिसिंग करते” म्हणतात. डॉक्टरकडे जाऊन “अंगात काहीतरी होतंय” म्हणण्यातला तो प्रकार.

आता या यंत्राच्या कुळाबद्दल थोडं. रुडॉल्फ डिझेलने १८९७ साली जर्मनीतल्या ऑग्सबुर्गला जे इंजिन चालवून दाखवलं, त्यात इंधन आत फवारायला दाबलेली हवा वापरली होती. त्यासाठी वेगळा कॉम्प्रेसर लागे. असलं धूड कारखान्यात किंवा जहाजात चालतं, ट्रकवर बसत नाही. ट्रकला डिझेल इंजिन खऱ्या अर्थाने परवडू लागलं ते रॉबर्ट बॉशच्या कारखान्याने १९२७ साली इंजेक्शन पंपाचं उत्पादन सुरू केल्यावर. एका रांगेत जितके सिलिंडर तितके प्लंजर, खाली त्यांना उचलणारी कॅमशाफ्ट, बाजूला त्या सगळ्यांना एकाच वेळी फिरवणारी दातेरी पट्टी, म्हणजे रॅक. आपल्याकडे टाटांच्या टेल्कोने १९५४ मध्ये डाइम्लर-बेंझशी करार केला आणि जमशेदपूरचे ट्रक तीन पाकळ्यांचा तारा मिरवत रस्त्यावर आले. १९६९ साली करार संपला, ताऱ्याच्या जागी टाटाचं ‘टी’ आलं, पण इंजिनाचा वंश तोच राहिला. पंप आणि नोझल बनवायला बॉशचीच भारतीय शाखा होती, १९५१ साली स्थापन झालेली बंगळूरची मायको. नाशिकच्या सातपूरला तिचा नोझल-इंजेक्टरचा कारखाना आला. २००८ मध्ये कंपनीच्या नावातून मायको गेलं, पण नाशिकच्या मायको सर्कलवरून ते कुणाला पुसता आलेलं नाही, आणि जुन्या मिस्त्रींच्या तोंडूनही नाही. त्यांच्या लेखी पंप म्हणजे मायको.

या पंपाकडून काय अपेक्षा असते ते एकदा आकड्यात पाहू. सहा सिलिंडरांचं ६९७ इंजिन घ्या. नावातच त्याची जन्मपत्रिका आहे: सहा सिलिंडर, ९७ मिलिमीटर व्यास. ते मिनिटाला दोन हजार फेरे घेत असेल तर प्रत्येक सिलिंडरला मिनिटाला हजार वेळा डिझेल लागतं, सहाही मिळून सहा हजार वेळा. तासाला झाले ३ लाख ६० हजार घास. तासाभरात गाडीने दहा लिटर डिझेल खाल्लं असं धरलं, तर एक घास होतो सुमारे २८ घन मिलिमीटरचा. ड्रॉपरमधून पडणाऱ्या एका थेंबाचा जेमतेम अर्धा भाग. हा अर्धा थेंब ठरलेल्या क्षणी, जवळपास दोनशे बार दाबाने, सहाही ठिकाणी सारखा पोचला पाहिजे, १-५-३-६-२-४ या क्रमाने. यात थोडी कसर राहिली की तिला आपण मिसिंग म्हणतो.

एवढा दाब निर्माण होतो कारण प्लंजर आणि तो ज्यात चालतो ते बॅरल यांच्यात दोन-तीन मायक्रॉनचीच फट असते. माणसाचा केस साधारण सत्तर मायक्रॉनचा. म्हणून प्लंजर-बॅरल ही जन्माची जोडी. एकाचं दुसऱ्यात घालून चालत नाही. आणि त्या दोघांना वंगण कोण देतं? खुद्द डिझेलच. डिझेलात पाणी किंवा कचरा आला तर नुसती भूक मारली जात नाही, सांधेही झिजतात.

पण पंपाची ही करामत ऐकून लोक घाबरतात आणि आधी पंपच उतरवतात, तिथेच चूक होते. माझ्या पाहण्यात उपासाची कारणं बहुतेक वेळा स्वस्त बाजूला सापडली आहेत, म्हणजे टाकीपासून फिल्टरपर्यंत. तिथे दाब जेमतेम एक-दोन बारचा; नळ्या, वायसर, जाळ्या असल्या चिल्लर वस्तूंचं राज्य. डिझेल निघालंय टाकीतून, तर शोधणाऱ्यानेही टाकीतूनच निघावं आणि डिझेलच्या मागोमाग चालावं. उलट्या दिशेने आलात तर वाटेत सगळ्यात महागडी वस्तू आधी लागते.

पहिलं ठिकाण तर टाकीच्याही बाहेर आहे, टाकीचं झाकण. डिझेल कमी होईल तशी टाकीत हवा शिरायला वाट हवी. ती झाकणातल्या बारीक भोकातून असते. ते भोक चिखलाने बुजलं, किंवा झाकण चोरीला गेलं म्हणून तोंडाला प्लास्टिकची पिशवी बांधून वर रबर लावलं, की टाकीत निर्वात तयार होतो. गाडी वीस-तीस किलोमीटर छान पळते, मग मरगळते, मग थांबते. ड्रायव्हर उतरतो, पाणी पितो, बिडी ओढतो. तोवर हवा हळूहळू आत झिरपलेली असते आणि गाडी पुन्हा पहिल्यासारखी. गाडीला विश्रांती मानवली असं त्याला वाटतं. बंद पडल्या पडल्या झाकण उघडून कान द्यावा: सुस्स आवाज आला तर निदान झालं.

टाकीतून पुढे आलं की फीड पंप. डिझेल पंपाच्याच अंगाला चिकटलेला, वर दट्ट्या असलेला. दट्ट्या फिरवून मोकळा करायचा आणि वरखाली मारायचा, तोच हँडपंप. मला विचाराल तर गाडीवरचं सगळ्यात चांगलं निदानयंत्र हेच, आणि त्याला बॅटरी लागत नाही. दांडा वर ओढताना जड जातोय आणि सोडला की आपोआप खाली खेचला जातोय, तर मागची वाट तुंबली आहे: टाकीतली जाळी, पिचकलेली नळी, किंवा आतून साल निघून वाट अडवणारा रबरी होज. दांडा कितीही मारला तरी पोकळच, तर कुठून तरी हवा येतेय किंवा फीड पंपाचे वॉल्व्ह बसत नाहीत. खाली दाबताना दहा-पंधरा वेळांत हाताला भरीव लागू लागला, तर इथवर सगळं ठीक. आणि काम झालं की दांडा खाली दाबून फिरवून घट्ट करायचाच. तो सैल राहिला तर तिथूनच हवा आत जाते. हवा काढायला आलेला माणूसच हवेला दार उघडून जातो.

आता ही हवा. डिझेल दाबलं तर दबत नाही, म्हणून ते दाब पुढे नेतं. हवा दबते. प्लंजरने कितीही जोर केला तरी मध्ये बुडबुडा असेल तर जोर त्यालाच पिळण्यात जातो. नोझल उघडण्याइतका दाब पोचतच नाही. आणि गंमत अशी की फीड पंपाच्या मागची गळती डोळ्यांना दिसत नाही. पुढच्या बाजूची गळती टपकते, धूळ ओली होते, वास येतो. मागच्या बाजूला ओढ असते, त्यामुळे चालू गाडीत डिझेल बाहेर येण्याऐवजी हवा आत जाते. नळी कोरडी ठणठणीत दिसते आणि मालक छातीठोक सांगतो, “एक थेंब गळत नाही.” नाहीच गळत! रात्री गाडी उभी राहिली की त्याच फटीतून हवा शिरते आणि नळीतलं डिझेल टाकीत परत उतरतं. मग सकाळी हँडपंप मारल्याशिवाय गाडी सुरू होत नाही. ज्याला रोज सकाळी हँडपंप मारावा लागतो त्याने बॅटरीला दोष देऊ नये.

फट शोधायची कशी? जुन्या मिस्त्रींची युक्ती सोपी आहे. पाच लिटरचा कॅन घ्यायचा, त्यात स्वच्छ डिझेल, बॉनेटच्या वरच्या अंगाला टांगायचा आणि त्यातून नळी थेट फीड पंपाला जोडायची. मग गाडी घाटात न्यायची. कॅनवर गाडी तक्रार न करता चढली तर दोष टाकी ते फीड पंप यांच्यामध्ये. तरीही दम टाकला तर पुढे. एका फेरीत निम्मा रस्ता बाद. याहून सूक्ष्म काम करायचं तर फीड पंपाआधी वीतभर पारदर्शक नळी घालायची आणि बुडबुडे पाहत बसायचं. आमच्या अण्णांच्या गाडीला हा कॅन आधीच टांगला असता तर पंप दोनदा उतरला नसता, हे मी नंतर त्यांना एकदा बोललो. त्यांनी उत्तर दिलं नाही, फक्त बघितलं.

जोडांवरची तांब्याची वायसर्स हाही हवेचा लाडका दरवाजा. तांबं दाबून दाबून कडक होतं, मग जुनं वायसर कितीही आवळलं तरी बसत नाही. नवीन हाताशी नसेल तर मिस्त्री ते ज्योतीवर लाल करून थंड पाण्यात टाकतात, ते पुन्हा मऊ होतं. हे काम लोखंडाच्या उलट चालतं, म्हणून लोहाराच्या पोराला ते पहिल्यांदा पटत नाही.

फिल्टर दोन: पहिला कपड्याचा, दुसरा कागदाचा. फिल्टर चोंदला की लक्षणं क्रमाने येतात, एकदम नाही. आधी टॉप गिअरमध्ये भरलेली गाडी खेचत नाही, मग तिसऱ्यात, मग रिकामीही रेंगाळते. आठवडा-दोन आठवड्यांत वाढत जाणारं दुखणं असेल तर फिल्टरचा संशय आधी घ्यावा. एकाएकी आलं असेल तर बहुधा फिल्टर नव्हे. अपवाद एकच, नुकतंच कुठल्यातरी अनोळखी ठिकाणी डिझेल भरलं असेल तर.

त्या अनोळखी डिझेलबद्दल बोलायलाच हवं. रेशनचं निळं रॉकेल स्वस्त आणि डिझेल महाग, हा फरक कित्येक वर्षं या देशात एका काळ्या धंद्याला पोसत होता. २५ जानेवारी २०११ रोजी मनमाडजवळ भेसळीचा अड्डा पकडायला गेलेले अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना जिवंत जाळण्यात आलं. वर्तमानपत्रांनी ती बातमी गुन्हेगारी म्हणून छापली, ती होतीच. पण त्या भेसळीचा रोजचा बळी पंप रूमच्या टेबलावर पडलेला असायचा. रॉकेल डिझेलहून पातळ, वंगणाला हलकं. त्यावर चाललेल्या प्लंजरच्या पोटावर उभ्या रेघोट्या पडतात. झिजलेला प्लंजर थंडीत निभावून नेतो, कारण थंड डिझेल थोडं घट्ट असतं. इंजिन तापलं, डिझेल पातळ झालं की ते झिजलेल्या फटीतून मागे निसटतं. म्हणून अशी गाडी सकाळी पहिल्या सेल्फला सुरू होते आणि दुपारी धाब्यावर जेवून आल्यावर होत नाही. ड्रायव्हर पंपावर ओलं पोतं टाकतात, पंप निवतो, गाडी सुरू होते. हे औषध नव्हे, पण निदान म्हणून अचूक: पोत्याने सुरू झाली तर या वेळी मात्र खरंच पंप उतरवा.

पंपाच्या अंगावरच आणखी एक छोटी वस्तू आहे जिचं नाव क्वचित निघतं. जास्तीचं डिझेल परत पाठवणारा ओव्हरफ्लो वॉल्व्ह. त्याची स्प्रिंग मेली की पंपाच्या पोटातला दाब टिकत नाही, डिझेल रिटर्न लाइनने टाकीकडे पळून जातं, आणि प्लंजरचे घास अपुरे भरतात. पूर्ण वजनावर, पूर्ण पायावर गाडी मऊ पडते, बाकी सगळं ठीक. काहींनी तिथे वॉल्व्हऐवजी साधा बोल्ट मारलेला असतो, कारण “बसतो की”. बसतो, एवढं खरं.

मिसिंगची तपासणी वेगळी. इंजिन हळू चालू ठेवून एकेका नोझलच्या जाड नळीचा नट पान्याने किंचित सैल करायचा. आवाज बदलला, इंजिन अडखळलं, तर तो सिलिंडर कामाचा होता; नट पुन्हा आवळा. ज्याचा नट सैल करूनही इंजिनाला काही फरक पडला नाही, तो आधीपासूनच झोपलेला. मग नोझल अडकली आहे, की त्या प्लंजरचा डिलिव्हरी वॉल्व्ह, की सिलिंडरलाच कॉम्प्रेशन नाही, हे पुढचं. इथे एक ताकीद: बाहेर काढलेल्या नोझलचा फवारा हातावर घेऊन बघू नका. दोनशे बारचा बारीक फवारा कातडीत घुसतो. जखम सुईच्या टोकाएवढी दिसते, पण आत डिझेल पसरलेलं असतं. बोट वाचवायचं तर त्याच तासात इस्पितळ गाठावं लागतं. हळद लावून भागत नाही.

धूरही बोलतो, पण त्याचं ऐकताना सांभाळून. काळा म्हणजे डिझेलच्या मानाने हवा कमी; पांढरा म्हणजे न जळलेलं डिझेल; निळा म्हणजे इंजिन ऑइल जळतंय. गाडी खेचत नाही आणि धूरही नाही, तर डिझेल पोचत नाही. खेचत नाही आणि काळा धूर ओकते, तर डिझेल पोचतंय, मग टाकीशी काय भांडता? एअर फिल्टर झटका. एवढा एकच प्रश्न आधी विचारला तर कितीतरी पंप जागेवर राहतील.

आणि कधी कधी इंधनाचा काही संबंधच नसतो. मी एका टाटा ४०७ चा किस्सा जवळून पाहिला. मालकाने नवीन जाड रबरी मॅट टाकलं, दुसऱ्या दिवसापासून गाडीला पिकअप नाही. अ‍ॅक्सिलेटर मॅटवर टेकायचा, पंपाच्या लिव्हरला शेवटचा पाव भाग मिळायचाच नाही. तसंच इंजिन बंद करायच्या केबलचं. ती गंजली की पूर्ण परत जात नाही, रॅकला अर्धवट धरून ठेवते, आणि गाडी आयुष्यभर अर्ध्या पोटी चालते. म्हणून पाना हातात घेण्याआधी एकाने केबिनमध्ये बसून पाय पूर्ण दाबावा आणि दुसऱ्याने बॉनेटखाली लिव्हर शेवटच्या बोल्टला टेकते का ते बघावं. मागचं ब्रेक ड्रम तापलंय का, तेही हात लावून पाहावं. धरलेल्या ब्रेकवर चढणाऱ्या गाडीला जगातलं कुठलंही कॅलिब्रेशन उचलणार नाही.

हंटिंगचं मूळ बहुतेक इंजिनाचा वेग सांभाळणाऱ्या गव्हर्नरमध्ये किंवा रॅक अडखळण्यात असतं. जुन्या काही पंपांना हवेच्या ओढीवर चालणारा गव्हर्नर असे, त्यात चामड्याचा पडदा. त्याला भोक पडलं की इंजिन झोके घेऊ लागे. तो पडदा बदलणारे हात आता फार थोडे उरलेत. पंप रूम हे तसं गॅरेजपेक्षा वेगळंच जग. गॅरेज अंगणात चालतं, पंप रूमला दार लागतं. आत फरशी पुसलेली, टेबलावर पत्रा, एका बाजूला टेस्ट बेंच, त्यावर ओळीने काचेच्या नळ्या. पंप बेंचवर चढवून फिरवायचा, ठरलेल्या घासांनंतर प्रत्येक नळीत डिझेल किती जमलं ते डोळ्याने मोजायचं आणि सगळ्या नळ्या एका रेषेत येईपर्यंत हळूहळू रॅकवरची पकड सरकवायची. हे काम घाईने करणारा माणूस मी पाहिला नाही. घाई करणारे टिकले नसतील.

डिझेलही बदललं. १ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-६ आलं, गंधक दहा लाखांत दहा भागांवर आलं. गंधक काढण्याच्या प्रक्रियेत डिझेलचा नैसर्गिक वंगणगुणही कमी होतो, तो रिफायनरीत वेगळं द्रव्य मिसळून भरून काढतात. नव्या ट्रकांत कॉमन रेल आहे, म्हणजे सगळ्या नोझलांना मिळून दाबाच्या डिझेलची एकच नळी; दाब हजार-दोन हजार बारच्या घरात, आणि नट सैल करून सिलिंडर तपासायची सोय नाही. तिथे तसं करणं जिवावर बेतेल. तिथे स्कॅनर लावायचा, तो आकडा सांगतो. पण रेलमधला दाब कमी आहे एवढंच तो आकडा म्हणतो. का कमी आहे ते टाकीच्या झाकणापासून पुन्हा चालतच शोधावं लागतं.

जुने इन-लाइन पंपवाले ट्रक आता लांब पल्ल्यावर फारसे दिसत नाहीत. पश्चिम महाराष्ट्रात आणि मराठवाड्यात ते उरलेत उसाच्या फडापासून कारखान्याच्या काट्यापर्यंतच्या फेऱ्यांना. मार्च-एप्रिलात शेवटची खेप टाकली की गाडी पत्र्याच्या शेडमध्ये नाहीतर नुसत्या बाभळीखाली उभी राहते, टाकीत जे डिझेल असेल त्यासकट. अर्ध्या रिकाम्या टाकीत पावसाळ्याची दमट हवा खेळते, रात्री पत्रा निवला की आतून दव धरतं आणि पाणी डिझेलच्या तळाशी जाऊन बसतं. पाणी आणि डिझेल जिथे भेटतात तिथे सूक्ष्म जीव वाढतात. टाकीत शेवाळ झालं असं लोक म्हणतात, दिसायला ते तसंच असतं, काळपट, बुळबुळीत. गाडी उभी करताना टाकी गळ्यापर्यंत भरावी, म्हणजे दव धरायला जागा राहत नाही, हे सगळ्यांना माहीत आहे. हंगाम संपताना टाकी भरायला पैसे कुणाकडे असतात, हेही सगळ्यांना माहीत आहे.

खंडेनवमीला गाडीला हार पडतो, दिवाळीच्या आगेमागे गाळप सुरू होतं, आणि मधल्या दिवसांत शेडमध्ये कामाला सुरुवात होते. सेल्फ मारून बघायचा मोह इथे आवरायचा, कारण तळाचं पाणी पंपात ओढलं गेलं तर हंगामाआधीच प्लंजर जाम होतो. आधी टाकीखाली पाटी ठेवायची आणि तळाचा बोल्ट सोडायचा. पहिल्यांदा तांबूस पाणी येतं, मग शेवाळाचे तुकडे, मग ढगाळ डिझेल, मग स्वच्छ. तिथे बोल्ट लावायचा. जाळी धुवायची, दोन्ही फिल्टर नवे घालायचे, वायसर्स लाल करून घ्यायची. फिल्टरवरचा हवेचा स्क्रू सैल करून हँडपंप मारायचा. आधी नुसता फेस येतो, मग फेस आणि डिझेल, मग एकसंध धार. धार चालू असतानाच स्क्रू आवळायचा, आणि पुढे पंपावरच्या स्क्रूशी हेच. पन्नास-साठ वेळा दांडा मारून खांदा भरून येतो. मग एका क्षणी दांडा हाताला भरीव लागतो. तो खाली दाबायचा, फिरवून घट्ट करायचा, आणि मग केबिनमध्ये बसलेल्याला सांगायचं, “मार आता सेल्फ.”